बथशेबा नक्की कोणाची नात? एका वाक्यात दडलेलं अख्खं खानदान

बथशेबा म्हटलं की सगळ्यांना एकच सीन आठवतो, गच्ची, आंघोळ करणारी बाई आणि बघत उभा असलेला राजा. आणि त्यात पण लोक काय करतात, तिलाच गच्चीवर नेऊन ठेवतात, जणू ती मुद्दाम वर जाऊन बसली होती. अहो, बायबलमधलं शमुवेलचं दुसरं पुस्तक काढा, 11वा अध्याय, नीट वाचा. गच्चीवर राजा दावीद आहे. संध्याकाळी झोपेतून उठून गच्चीवर फेऱ्या मारतोय, आणि तिथून त्याला ती दिसते. ती कुठे होती हे लिहिलेलंच नाही. पण ते जाऊ दे, आजचा व्हिडिओ त्या आंघोळीवर नाहीच आहे, आजचा व्हिडिओ त्याच्या पुढच्या एका वाक्यावर आहे, जे सगळे वाचतात आणि पुढे निघून जातात.

दावीद विचारतो, कोण आहे ही? आणि कोणीतरी सांगतं, कोण ते माहीत नाही, बहुतेक नोकरच असेल, की अहो ही एलियामची मुलगी बथशेबा ना, उरीया हित्तीची बायको.

बास. एवढंच. आता आपल्याला वाटतं ही नुसती ओळख करून दिली, बापाचं नाव, नवऱ्याचं नाव, जशी गावात कोणी विचारलं तर सांगतात तशी. पण माझं म्हणणं असं आहे की हा माणूस राजाला जपून, आडून, इशारा देतोय. की महाराज, माणसं ओळखीची आहेत, घरची आहेत, नका. हे मी का म्हणते ते सांगते, त्यासाठी आपल्याला 12 अध्याय पुढे उडी मारायची आहे.

23वा अध्याय. इथे दावीदाच्या खास योद्ध्यांची लिस्ट आहे, त्यांना 'तीस' म्हणायचे, पण शेवटी लिहिलेलं आहे, सगळे मिळून 37. हे राजाचे सगळ्यात जवळचे लढवय्ये. कंटाळवाणी लिस्ट आहे, अमक्याचा मुलगा तमका, मी पण पहिल्यांदा वाचताना भराभर खाली आले होते. आणि मग एकदम शेवटचं नाव, उरीया हित्ती. म्हणजे बथशेबाचा नवरा कोणी साधा शिपाई नव्हता, तो या यादीतला होता. आता तिथून पाच ओळी वर जा, 34वं वचन. गिलोच्या अहीथोफेलचा मुलगा एलियाम.

एलियाम! तिचा बाप! आणि एलियाम हे नाव अख्ख्या हिब्रू शास्त्रात, म्हणजे बायबलच्या जुन्या करारात, दोनच ठिकाणी येतं, एकदा बथशेबाचा बाप म्हणून आणि एकदा या लिस्टमध्ये. आता हे दोघं एकच असतील, तर सासरा आणि जावई एकाच तुकडीत होते, म्हणजे लग्न कसं जुळलं तेही कळतं, आपल्या दोस्ताला आपली मुलगी दिली असेल. राजवाड्याच्या इतक्या जवळ घर कसं, तेही कळतं. आणि दावीदाला ते नाव ऐकल्यावर एका सेकंदात कळलं असणार की ही कोण. त्याने बोलावलं ते अनोळखी बाईला नाही. आपल्या दोन माणसांच्या घरातल्या लेकीला, आणि तेही ती दोघं लढाईवर असताना, कारण सैन्य तेव्हा सेनापती यवाबाबरोबर रब्बाला वेढा घालून बसलं होतं, रब्बा म्हणजे आजचं जॉर्डनमधलं अम्मान.

पण खरी मजा बापात नाही, आजोबात आहे. गिलो हे यहूदाच्या डोंगरातलं एक गाव, म्हणजे अहीथोफेल गिलोनी, आपल्याकडचा असता तर आडनाव गिलोकर लागलं असतं. हा कोण? हा दावीदाचा सल्लागार. आणि असातसा नाही, पुस्तक म्हणतं की त्याचा सल्ला म्हणजे देवालाच जाऊन विचारल्यासारखा मानायचे. आता विचार करा, हा माणूस पुढे काय करतो? दावीदाचा मुलगा अबशालोम बापाविरुद्ध उठतो, आणि बंडाची तयारी करताना गिलोला निरोप पाठवून ज्याला बोलावून घेतो तो हा, अहीथोफेल. आयुष्यभर राजाजवळ बसलेला माणूस एका निरोपावर पलटतो. का? पुस्तकात कारण दिलेलं नाही. एक शब्द नाही. पण नोकराचं ते वाक्य आणि ही यादी शेजारी ठेवली तर कारण समोर येतं, नातीला उचलून नेलं आणि नातजावयाला मारलं.

मारलं कसं ते पटकन सांगते, बहुतेकांना माहीत आहे. ती निरोप पाठवते, हिब्रूत दोनच शब्द, हारा आनोखी, मला दिवस गेलेत. त्या अध्यायात तिच्या तोंडी एवढंच बोलणं आहे. बाकी सगळं राजा करतो, तो पाठवतो, आणवतो, परत पाठवतो, 'पाठवलं' हे क्रियापद त्या अध्यायात नुसतं फिरत राहतं. मग उरीयाला लढाईवरून बोलावून घेतो, म्हणतो घरी जा, आराम कर. उरीया जात नाही. म्हणतो कराराचा कोश (देवाची पवित्र पेटी) तंबूत, यवाब आणि सगळी माणसं उघड्यावर, आणि मी घरी जाऊन खाऊ-पिऊ आणि बायकोजवळ झोपू? दुसऱ्या रात्री त्याला दारू पाजतात तरी जात नाही. हित्ती माणूस, म्हणजे मुळात परक्या वंशाचा, पण नाव बघा, उरीया म्हणजे याह माझा प्रकाश, इस्राएलच्या देवाचं नाव त्याच्या नावात आहे. तर अशा माणसाच्या हातात राजा चिठ्ठी देतो, यवाबाला दे, आणि त्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं की याला तुंबळ लढाई असेल तिथे पुढे उभं करा आणि तुम्ही मागे सरका. स्वतःच्या मरणाचा हुकूम स्वतःच नेऊन दिला त्याने. (रेम्ब्रांटचं 1654चं चित्र आहे पॅरिसच्या लूव्रमध्ये, त्यात बथशेबाच्या हातात एक चिठ्ठी दाखवली आहे, बघायला फार सुंदर, पण मूळ गोष्टीत तिला चिठ्ठी येतच नाही, माणसं येतात. गोष्टीत चिठ्ठी एकच आहे, आणि ती ही.)

बरं, आता 'एलियाम तोच कशावरून' असं म्हणणारे पण आहेत आणि त्यांचं ऐकलं पाहिजे. इतिहासाचं पहिलं पुस्तक, 3रा अध्याय, तिथे तिच्या बापाचं नाव अम्मिएल दिलंय. आणि तिचं स्वतःचं नाव बथशुवा. गोंधळ ना? पण बापाच्या नावाचं कोडं सोपं आहे. एल म्हणजे देव, अम म्हणजे लोक किंवा नातलग. एलि-आम, अम्मि-एल. तेच दोन तुकडे उलटसुलट, जसं जयराम आणि रामजय. आणि बथशुवा? बथ म्हणजे मुलगी, शेबाचा अर्थ सात पण होतो आणि शपथ पण होतो, शपथेचं लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. बथशुवा मात्र आधी एकदा येऊन गेलेलं नाव आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात यहूदा, ज्याच्या वंशातला दावीद, त्याची कनानी बायको शुवाची मुलगी होती, आणि इतिहासाचं पुस्तक तिला बथशुवा म्हणतं. म्हणजे यहूदाच्या वंशावळीत सुरुवातीला एक बथशुवा आणि राजा झाल्यावर दुसरी बथशुवा. ही उच्चाराची गंमत की लिहिणाऱ्याने मुद्दाम मारलेली कोपरखळी, मला दुसरंच वाटतं. कारण हाच लेखक ते अख्खं प्रकरण गाळून टाकतो! 20व्या अध्यायात लिहितो, दावीद यरुशलेमात राहिला, आणि पुढच्याच दमात यवाबाने रब्बा जिंकलं. मधलं सगळं गायब. तीसच्या लिस्टमधून एलियाम पण गायब, त्या जागी अहीया नावाचा कोणीतरी. पण दावीदाच्या चार मुलांची आई म्हणून तिचं नाव मात्र ठेवावं लागलं, शिमा, शोबाब, नाथान आणि शलमोन, म्हणजे आपला सॉलोमन.

नातं एवढं नक्की धरायचं का? तालमूद हा ज्यूंचा जुना धर्मग्रंथ, त्याच्या सन्हेद्रीन भागात रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, धरलंय, तिथे अहीथोफेल तिचा आजोबा हे गृहीत आहे. पण मग त्यांनी गणित काय मांडलं, तर स्तोत्रात म्हटलंय की कपटी माणसं अर्धं आयुष्यही जगत नाहीत, आयुष्य 70, अर्धं 35, म्हणजे हा 35च्या आत गेला, धरा 33. आता 33 वर्षांचा माणूस शलमोनाचा पणजोबा कसा होणार! तर त्यांनी म्हटलं की त्या काळी माणसं फारच लवकर बाप व्हायची. असो. आपण ते 33 सोडून देऊ आणि साध्या हिशोबाने साठी-सत्तरीचा म्हातारा धरू, मग काही अडत नाही.

दुसरी शंका जास्त चांगली आहे. दावीदाला पाडलं तर नुकसान कोणाचं, शलमोनाचंच ना, म्हणजे अहीथोफेलच्या पणतवाचं, मग तो अबशालोमच्या बाजूला का जाईल? लॉजिक बरोबर आहे. पण अहीथोफेल अबशालोमला काय सांगतो ते वाचा. म्हणतो मला 12,000 माणसं दे, मी आज रात्रीच निघतो, आणि मी फक्त राजाला मारतो, बाकी सगळ्यांना परत आणतो. सल्लागार आहे हा! म्हातारा! मसलती द्यायच्या सोडून म्हणतो मीच जातो, आजच जातो, आणि एकाच माणसाला मारतो. यात मला राजकारण दिसतच नाही, यात घरचा हिशोब दिसतो. त्याचं ऐकलं नाही कोणी, हूशय नावाच्या दावीदाच्या माणसाने अबशालोमला उलटं पढवलं, आणि अहीथोफेलला कळलं की खेळ संपला, गाढवावर खोगीर घातलं, गावी गेला, घरची निरवानिरव केली आणि गळफास घेतला.

त्याच्या आधीचा सल्ला मात्र मानला गेला होता आणि तो जास्त भयंकर आहे. दावीद पळून जाताना दहा उपपत्नी राजवाडा सांभाळायला ठेवून गेला होता. अहीथोफेल म्हणाला, त्यांच्याजवळ जा, सगळ्यांच्या देखत. आणि तंबू कुठे ठोकला? गच्चीवर. हो, गच्चीवर. राजाची बाई घेतली की राजाची गादी घेतली, हा त्याचा अर्थ, आणि सगळ्या इस्राएलला तो कळला. त्या दहाजणींना पुढे दावीदाने मरेपर्यंत कोंडून ठेवलं, त्यांची नावं कुठेच नाहीत, त्यांचे आजोबा कोण ते कोणी लिहिलं नाही.

आता बथशेबा. मधली वर्षं ती गप्प आहे. नवऱ्यासाठी रडली, राजवाड्यात आणली गेली, पहिलं बाळ सातव्या दिवशी गेलं. नाथान संदेष्टा (तिचा मुलगा नाथान नव्हे) राजाला त्याची चूक दाखवायला गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगतो ना, त्यात म्हणतो ती कोकरी त्याला मुलीसारखी होती, मुलीसारखी म्हणजे हिब्रूत 'कबथ', तिच्या नावातला बथ तिथे ऐकू येतो. मग शलमोन झाला. मग शांतता.

आणि राजांच्या पहिल्या पुस्तकात ती परत येते तेव्हा वेगळीच बाई असते. दावीद म्हातारा, अंगात ऊब राहत नाही म्हणून शूनेमची अबीशग त्याची सेवा करतेय, आणि मोठा मुलगा अदोनीया स्वतःला राजा म्हणवून घेत मेजवान्या देतोय. नाथान तिच्याकडे येऊन म्हणतो तुझा आणि मुलाचा जीव वाचव, राजाकडे जा आणि विचार, तुम्ही शपथ घेतली होती ना की शलमोन राजा होईल? शपथ! शेबा! आता गंमत अशी की ही शपथ आधीच्या पुस्तकात कुठेच नाही. घेतली होती, की दोघं मिळून म्हाताऱ्याला आठवण करून देतायत, तुम्ही ठरवा. पण नाथानने दिलेला डायलॉग दोन वाक्यांचा होता आणि ती आत जाऊन काय बोलते बघा. देवाच्या नावाने शपथ घेतलीत म्हणते, सगळ्या इस्राएलची नजर तुमच्यावर आहे म्हणते, तुमच्यामागे मी आणि माझा मुलगा गुन्हेगार ठरू म्हणते. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. कोणाची नात आहे ते अशा वेळी कळतं.

शलमोन राजा होतो. दावीद जातो. आणि मग तो अदोनीया येतो बथशेबाकडे, अगदी गरीब चेहऱ्याने, म्हणतो एवढंच मागणं आहे, अबीशग मला बायको म्हणून द्यायला सांगा, तुमचं तो ऐकेल. ती म्हणते, बरं, सांगते.

आणि ती जाते. राजा उठून उभा राहतो, तिला नमन करतो, राजमातेसाठी आसन मांडायला सांगतो, उजव्या हाताला. कधीकाळी जिला माणसं पाठवून आणलं होतं तिच्यासाठी राजा उठतो. आणि ती म्हणते, छोटंसं मागणं आहे, नाही म्हणू नको. अबीशग अदोनीयाला दे.

कितीतरी लोक लिहितात की बिचारी भोळी होती, तिला कळलं नाही. कळलं नाही? गेल्या राजाची बाई मागणं म्हणजे गादी मागणं, हे ज्याने गच्चीवर तंबू ठोकून अख्ख्या देशाला दाखवलं तो तिचा आजोबा! तिने मागणं तसंच पोचवलं, आणि 'छोटंसं' हा शब्द स्वतःचा घातला. शलमोन भडकला, म्हणाला, मग त्याच्यासाठी राज्यच माग ना, आणि त्याच दिवशी माणूस पाठवून अदोनीयाला मारलं.

पाठवला तो बनाया, यहोयादाचा मुलगा. मगाशी आपण जी 37 जणांची लिस्ट काढली होती ना, ती परत उघडा आणि जरा वर जा, विसावं वचन. तिच्या बापाच्या आणि नवऱ्याच्या नावाच्या वर याचं नाव आहे.