गच्चीवरून फेकलेला चेंडू

आज एकच गणित घेऊ, पण पुरतं पिळून काढू. जमिनीपासून १५ मीटर उंच गच्चीच्या कडेवरून एक चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने, क्षितिजसमांतर रेषेच्या वर ३० अंशांत फेकला. इमारतीच्या पायथ्यापासून तो किती लांब पडेल? हवेचा रोध सोडून द्या, जी (गुरुत्वीय त्वरण) १० धरा.

सूत्र आठवण्याआधी आकृती काढा आणि शेजारी लिहा: आरंभबिंदू गच्चीची कड, वरची दिशा धन. म्हणजे त्वरण उणे १० आणि जमीन उणे १५ वर. चिन्हं इथे एकदाच ठरतात. मध्येच बदलायची नाहीत.

आता वेगाचे घटक. आडवा २० कॉस ३०, म्हणजे १७.३२. उभा २० साइन ३०, म्हणजे १०. (साइन ३० उणे ०.९८८ आलं, तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे.) आडव्या दिशेला त्वरण शून्य, उभ्या दिशेला उणे १०. दोन्ही हिशेब वेगळे. त्यांना जोडते फक्त वेळ, म्हणजे टी. ती उभ्या हिशेबातून काढायची, कारण चेंडू कुठल्या पातळीला थांबणार हे आपल्याला ठाऊक आहे.

−१५ = १०टी − ५टी²
म्हणजे टी² − २टी − ३ = ०

उत्तरं ३ आणि उणे १. उणे १ खोडण्याआधी त्याचा अर्थ बघा: हाच मार्ग मागे वाढवला, तर एक सेकंद आधी चेंडू जमिनीच्या पातळीला असता. आपल्याला हवेत ३ सेकंद. अंतर १७.३२ × ३, सुमारे ५२ मीटर.

पेपरात मात्र दोन चुकीची उत्तरं हमखास दिसतात. पहिलं ३४.६ मीटर. हे पल्ल्याच्या पाठ केलेल्या सूत्रातून येतं. पण ते सूत्र चेंडू फेकला त्याच पातळीला परत येतो तेव्हाचं आहे. इथे ३४.६ मीटरवर चेंडू अजून १५ मीटर हवेत असतो.

दुसरं १७.३ मीटर, आणि हे जास्त फसवं. विद्यार्थी उंची धन १५ आणि जी धन १० घेतो, पण वेग वरचा असूनही धन १० च ठेवतो. समीकरण छान सुटतं, टी बरोबर १ येतो, म्हणून शंकाही येत नाही. प्रत्यक्षात तो चेंडू ३० अंश खाली फेकल्याचं उत्तर आहे. पडताळा सोपा आहे: उभा वेग १० असेल तर शिखर गाठायलाच १ सेकंद लागतो, मग तेवढ्यात जमीन कशी येईल? आणि शिखरावर वेग शून्य होतो असंही लिहू नका. शून्य होतो तो उभा घटक, आडवा १७.३२ तसाच असतो.

जमिनीवर आदळतानाचा वेगही तपासून घ्या. उभा घटक १० − ३० = −२०, म्हणून एकूण वेगाचा वर्ग ३०० + ४०० = ७००. ऊर्जेच्या नियमाने ४०० + २ × १० × १५, तेही ७००. जुळलं.

‘सर, ४५ अंशांत फेकला असता तर आणखी लांब गेला असता ना?’ करून बघा. वेळ ३.६५ सेकंद, अंतर ५१.६ मीटर, ३० अंशांपेक्षा थोडं कमीच. ४५ चा नियम सपाट जमिनीचा. या गच्चीवरून सर्वांत लांबचा पल्ला सुमारे ३७ अंशांना मिळतो, ५२.९ मीटर.