हातचे चार

(दृश्य : कोल्हापुरातल्या एका पेठेतली शाळा. चौथीचा वर्ग. खिडकीतून रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज.)

बाईंनी गणित तोंडी सांगितलं, "सत्तेचाळीस गुणिले सहा." मधल्या रांगेतल्या मुलानं आधी सात लिहिला आणि लगेच खोडला. सत्तेचाळीस म्हणताना कानावर सात आधी पडतो, मांडायचा मात्र चार आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असं संख्यावाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. सत्तावीस, सदुसष्ट हे शब्द आपल्या भाषेचं धन आहेत, ते जाऊ नयेत असंच मला वाटतं. पण त्या बदलामागची अडचण खोटी नव्हती. ती या खोडलेल्या सातात दिसते.

(दृश्य : वहीवर पेन्सिल. जवळून.)

सहा सत्ते बेचाळीस. दोन मांडला, हातचे चार. इथवर सगळं बरोबर. आता सहा चोक किती? ते त्याला पाठ नाही. मग तो बोटांवर मोजतो : सहा, बारा, अठरा, चोवीस. चोवीस सापडले, पण तोवर हातचे चार निसटले. उत्तर आलं दोनशे बेचाळीस.

"बाई, मगाशी ध्यानात होतं की!"

होतंच. त्याचं लक्ष खिडकीबाहेर नव्हतं, रिक्षांकडे तर अजिबात नव्हतं. तो जीव ओतून चोवीस शोधत होता, आणि त्या शोधानंच हातच्याची जागा घेतली. अशा मुलाला आपण किती सहज 'धांदरट' म्हणतो. मला तो शब्द ऐकवत नाही.

१९५९ साली अमेरिकेत लॉइड आणि मार्गारेट पीटरसन यांनी मोठ्या माणसांवर असाच प्रयोग केला. तीन अक्षरं ऐकवायची आणि लगेच तीन-तीनच्या अंतरानं आकडे उलटे मोजायला लावायचे. १८ सेकंदांनी विचारलं, तर बहुतेकांना ती तीन अक्षरं सांगता येईनात. तीनच अक्षरं, आणि तीही शिकल्यासवरल्या तरुणांना.

डोक्यात 'आत्ता धरून ठेवायची' जी जागा असते, तिला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात. तिथं एका वेळी सुमारे सात गोष्टी मावतात, असं जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडलं. पुढं २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आकडा चारच्या आसपास आणला.

(दृश्य : पडद्यावर एकेक अंक उमटतो : १ ८ ७ ४ १ ९ १ ७)

हे आठ अंक एकदाच पाहून परक्या माणसाला सांगता येणं अवघड. पण कोल्हापूरच्या माणसाला दोनच गोष्टी धरायच्या आहेत. १८७४, शाहू महाराजांचा जन्म. १९१७, त्यांनी संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं ते साल. जागा तेवढीच राहिली, गाठोडी मोठी झाली. आधीचं पक्कं ज्ञान एवढं मोठं काम करतं. 'सहा चोक चोवीस' हे आपोआप तोंडात येणं म्हणजे तेच गाठोडं. आमच्या आज्ज्या पावकी-निमकी म्हणायच्या, त्याला आपण घोकंपट्टी म्हणून नाकं मुरडली. अर्थ न समजता घोकणं वाईटच, पण समजलेलं पाठ असलं की डोकं पुढच्या पायरीसाठी रिकामं राहतं.

(दृश्य : शिवाजी उद्यमनगर. लेथचा आवाज, लोखंडाचा कीस.)

उद्यमनगरातल्या या वर्कशॉपमध्ये नवा पोरगा ड्रॉइंग वाचायला शिकतोय. आकृतीवर अ, ब, क. त्यांची मापं खाली कोपऱ्यातल्या तक्त्यात. पोरगा 'क' बघतो, तक्त्यात जातो, माप घेऊन वर येतो आणि कुठला 'क' तेच विसरतो. मिस्त्रीनं पेन्सिल घेतली आणि प्रत्येक माप त्या-त्या रेघेवरच लिहून दिलं. पोराची वर-खाली धावपळ थांबली. मिस्त्रीला स्वतःला हे लागत नाही, उलट अशी भरलेली आकृती त्याला गिचमिड वाटते. नवख्याला लागणारा आधार जाणत्याला अडचण होतो, आणि शिकवताना हेच आपण विसरतो.

सिडनीतल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन स्वेलर यांनी कार्यकारी स्मृतीवर पडणाऱ्या या बोज्याचा अभ्यास केला. ग्रॅहम कूपर यांच्यासोबत १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बीजगणितावरच्या प्रयोगांत त्यांनी काही मुलांना नुसती गणितं सोडवायला दिली, तर काहींना सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला. दुसऱ्या गटाला नंतर तशीच गणितं लवकर सुटली आणि चुकाही कमी झाल्या. नवशिका स्वतः धडपडतो, तेव्हा उत्तर कुठं, मी कुठं, मधे काय, हे सगळं त्याला एकदम धरावं लागतं. रीत शिकायला जागाच उरत नाही.

(दृश्य : पुन्हा वर्ग. मधल्या सुट्टीनंतर.)

बाईंनी आता फळ्यावर एक गणित पूर्ण सोडवलं, प्रत्येक पायरी बोलून दाखवत. दुसऱ्याची शेवटची पायरी मोकळी ठेवली. तिसऱ्याच्या दोन. आणि सगळ्यांना सांगितलं, "हातचा डोक्यात नाही धरायचा. वर लिहायचा, बारीक."

एकानं विचारलं, "परीक्षेत चालतं व्हय, बाई?"

"चालतं की."

मधल्या रांगेत तेच गणित पुन्हा मांडलंय. सत्तेचाळीस गुणिले सहा. दोन लिहिला. चाराच्या डोक्यावर एक बारीक चार. मग बोटं, सावकाश. सहा, बारा, अठरा, चोवीस. नजर वर गेली, त्या बारीक चारावर.

दोनशे ब्याऐंशी.