खोक्यावरचे ल्युमेन आणि दहाव्या मिनिटाचा उजेड

(दृश्य: अंधारी खोली. टेबलावर दोन काळ्या टॉर्च आणि त्यांची खोकी.)

दोन्ही टॉर्च मुठीत मावतील एवढ्या. दोन्हींवर ‘टॅक्टिकल’ असं ठसठशीत छापलंय. एकीच्या खोक्यावर आकडा आहे 1000 ल्युमेनचा, म्हणजे एकूण उजेडाच्या मापाचा, दुसरीच्या 20,000 चा. आणि ही वीस हजारवाली पहिलीच्या पाव किमतीत मिळते!

आता थोडा हिशोब करू. चांगला एलईडी एका वॉटमागे साधारण शंभर ते दीडशे ल्युमेन देतो. म्हणजे वीस हजारांसाठी साधारण एकशे तीस ते दोनशे वॉट हवेत. आत आहे एकच 18650 सेल, 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. चांगल्यातला चांगला घेतला, तरी त्यात साडेबारा वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा साठते. एवढ्याशा सेलला हे ओझं झेपणार नाही. झेपलं असतं, तरी टॉर्च हातात धरवली नसती. तेव्हा ही वीस हजारवाली आपण इथंच बाजूला ठेवू.

(दृश्य: एक हजारवाली टॉर्च जवळून. शेपटीच्या बटणावर अंगठा.)

‘टॅक्टिकल’ टॉर्चचा हा प्रकार मुळात अमेरिकन पोलिसांच्या कामातून वाढला. तिथं 1980 च्या दशकात शुअरफायर कंपनीची 6पी ही टॉर्च आली. उजेड साठ-पासष्ट ल्युमेन, आजच्या मानानं काहीच नाही. पण ती लहान होती, मजबूत होती आणि बटण मागे शेपटीला होतं. एका हातात टॉर्च उभी धरायची आणि अंगठ्यानं दाबायचं. आजही टॅक्टिकल टॉर्च पारखताना मी उजेडाआधी बटण बघतो. अर्धं दाबलं की लागली, सोडलं की विझली, पूर्ण दाबलं की लागून राहिली, असं ते हवं. स्वस्त टॉर्चमध्ये प्रत्येक दाबाला मोड बदलतो: मोठा, मंद, मग डोळ्यांपुढे लुकलुकाट. घाईच्या वेळी असं बटण म्हणजे नुसती कटकट.

(दृश्य: आतून पांढराशुभ्र, पोकळ गोल. त्याच्या तोंडाशी टॉर्च.)

उजेड मोजायचे नियम अमेरिकेत 2009 मध्ये ठरले. त्या मानकाचं नाव एफएल 1. टॉर्चचा सगळा उजेड अशा पांढऱ्या गोलात एकत्र करून मोजतात, पण बटण दाबल्याबरोबर नाही, निदान तीस सेकंदांनी. कारण पहिल्या क्षणाला सेल ताजा असतो, एलईडी थंड असतो, आणि कुठलीही टॉर्च तेव्हा रुबाब दाखवते.

अडचण अशी, की तीस सेकंद फार थोडे आहेत. लहान टॉर्च मोठ्या मोडवर काही मिनिटांतच तापते, आणि आतलं सर्किट उजेड उतरवतं. ही लबाडी नाही. न उतरवला तर एलईडी आणि सेल दोन्हींचं आयुष्य घटेल. लबाडी असलीच तर ती छपाईत असते. ‘1000 ल्युमेन, अडीच तास’ हे वाचून आपल्याला वाटतं की अडीच तास हजार ल्युमेन मिळणार. मानकातला चालण्याचा वेळ मात्र उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत मोजला जातो. म्हणजे शेवटी शंभर ल्युमेन उरले, तरी छापलेलं खरंच! मधल्या वेळात काय झालं, ते फक्त आलेख सांगतो. ज्या कंपन्या वेळ आणि उजेडाचा आलेख छापतात, त्यांच्यावर माझा जरा जास्त विश्वास बसतो.

(दृश्य: छोटं पांढरं न्हाणीघर. टॉर्च छताकडे रोखलेली, कोपऱ्यात मोबाईल.)

हे घरीही बघता येतं. मोबाईलमध्ये लक्स, म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड, मोजणारं अ‍ॅप घ्या, टॉर्च छताकडे रोखा, मोबाईल एका जागी पडू द्या. सुरुवातीला, मग पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला आकडा टिपा. ल्युमेन कळणार नाहीत, पण घसरण कळेल. मग भरवशाची दुसरी टॉर्च त्याच जागी ठेवून मोजली, तर तुलनाही होते.

(दृश्य: रात्र. उसाचा फड, बांधावरून जाणारा झोत.)

आता झोताच्या लांबीचा प्रश्न. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड. झोताच्या मध्यावर तो किती एकवटला, ते कँडेला सांगतात. झोत दुप्पट लांब न्यायचा तर कँडेला चौपट लागतात. 10,000 कँडेलाला 200 मीटर, 40,000 ला 400. पण हे अंतर तिथवर मोजतात, जिथं उजेड पाव लक्स उरतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तिथं काहीतरी हललं एवढं दिसेल. कुत्रा की बिबट्या, ते सांगता येणार नाही. छापलेल्या अंतराच्या निम्म्यावर चौपट उजेड असतो. मी तेवढंच अंतर खरं धरतो.

जुन्नरकडे रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याला लांब झोत हवाच, पण पायाखालची सरी दिसेल असा भोवतीचा पसरट उजेडही हवा. नुसता टोकदार झोत असला की पाय चिखलात. आणि पावसाळ्यात कळसूबाईच्या धुक्यात तर जास्त ल्युमेन उलटतात: समोर पांढरी भिंत उभी राहते. तिथं मंद मोड लावून टॉर्च कमरेच्या उंचीला धरावी.

(दृश्य: वजनकाट्यावर सेल.)

पाणी आणि आपटण्याबद्दल थोडक्यात. आयपीएक्स4 म्हणजे उडणारं पाणी सोसेल, आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपटण्याची चाचणी सेल आत ठेवून, काँक्रीटवर, किमान एक मीटरवरून करतात.

सेलचं मात्र नीट बघा. 18650 वर 9900 एमएएच (सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप) छापलेलं दिसलं तर तो घेऊ नका. चांगला सेल साधारण 3500 पर्यंत जातो. वजन 45 ग्रॅमच्या आसपास हवं, फारच हलका असेल तर नकली समजा. आणि सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात कधीच नको, शॉर्ट झाला तर पेट घेतो.

(दृश्य: शेपटीचे आटे जवळून.)

दुकानात करण्याजोगी आणखी एक परीक्षा आहे. टॉर्च लावा आणि शेपटी पाव फेरा सैल करा. आट्यांवर वीज अडवणारा थर, म्हणजेच नीट अ‍ॅनोडायझिंग असेल तर वीज तिथून जात नाही आणि टॉर्च विझते. प्रवासात अशी सैल करून ठेवली, की पिशवीत आपोआप लागून कपडे तापवत बसत नाही.