६४८ मीटर कुठून आले?

[दृश्य: टेबलावर तपासलेली सराव उत्तरपत्रिका. शेजारी कच्च्या कामाचा चुरगळलेला कागद.]

ताशी ७२ किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लावून थांबते. मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, ४ मीटर प्रति सेकंद वर्ग. थांबेपर्यंत ती किती मीटर जाईल? पर्याय चार: ५, ५०, १०० आणि ६४८.

उत्तर ५०. पण शिकवणाऱ्यानं खरं बघायचं ते उरलेल्या तिघांकडे.

६४८ लिहिणाऱ्याला सूत्र येतं. त्यानं ७२ चे २० मीटर प्रति सेकंद केले नाहीत, एवढंच. ५ लिहिणाऱ्यानं थांबायला लागणारे सेकंद अचूक काढले आणि विचारलंय अंतर, हे विसरून तिथेच थांबला. १०० लिहिणारे मात्र दोन तऱ्हेचे असतात. एकानं वेगाच्या वर्गाला मंदनाच्या दुपटीनं भागायचं सोडून नुसत्या मंदनानं भागलं. दुसऱ्यानं २० ला ५ सेकंदांनी गुणलं, जणू गाडी शेवटपर्यंत त्याच वेगानं पळत होती. पहिल्याला सूत्र नीट करून दिलं की भागतं. दुसऱ्याला सरासरी वेगापासून परत शिकवावं लागतं.

उत्तरपत्रिकेत दोघांनी एकच गोल काळा केलाय. फरक आहे तो कच्च्या कामात. म्हणून पेपर संपला की कच्चे कागदही गोळा करायचे.

[दृश्य: आडव्या रेघांची वही, पाच रकाने.]

ही चुकांची वही. तारीख, घटक, मी काय केलं, का चुकलं, पुन्हा कधी सोडवायचं. ‘का चुकलं’ या रकान्यात ‘सिली मिस्टेक’ हा शब्द चालू देऊ नये. त्या शब्दाखाली एकक, चिन्ह, घाईत वाचलेलं ‘अयोग्य विधान निवडा’, सगळंच झाकलं जातं, आणि पुढच्या पेपरात तीच चूक परत येते. ‘एकक बदललं नाही’ असं लिहिलं, तर पुढच्या वेळी काय बघायचं ते कळतं.

पेपर सोडवताना जिथे खात्री नव्हती, तिथे प्रश्नाशेजारी बारीक टिंब द्यायला सांगा. टिंब असलेलं उत्तर बरोबर आलं, तरी ते वहीत जातं. नशिबानं मिळालेले मार्क पुढच्या वेळी मिळतीलच असं नाही.

आता अंदाजाचं गणित. बरोबर उत्तराला ४ आणि चुकीच्याला उणे १ असेल, तर चार पर्यायांतून डोळे मिटून निवडल्यावर सरासरी पाव मार्क पडतो. एक पर्याय खात्रीनं बाद केला, तर दोन तृतीयांश. दोन बाद केले, तर दीड. त्यामुळे किमान दोन पर्याय बाद झाल्याशिवाय अंदाज नको, हा नियम मुलांना लावावा. पाव मार्कासाठी घालवलेला वेळ दुसऱ्या फेरीत महाग पडतो. पहिल्या फेरीत फक्त हातखंडा प्रश्न; दीड मिनिटात वाट दिसली नाही की खूण करून पुढे.

[दृश्य: विद्यार्थी हातानं पर्याय झाकून कोऱ्या कागदावर सोडवतो आहे.]

सगळ्यात फसवं वाक्य म्हणजे ‘कळलं सर’. फळ्यावरचं उदाहरण बघताना ते कळतंच. रॉडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र, वाचून झाल्यावर आठवून लिहिणारे पुढे निघाले. शिकवणीतही हेच करायचं: पुस्तक मिटवून, पर्याय झाकून, तोच प्रश्न कोऱ्या कागदावर.

आमच्या मते दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. मध्येच अडला, तर त्या प्रश्नाची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आकडे पाठ झाल्याचा संशय आला, तर ७२ चे ५४ करून द्या: गाडीचा वेग १५ मीटर प्रति सेकंद होतो आणि अंतर २८ मीटरांच्या थोडं वर.

शेवटच्या पंधरवड्यात नवा धडा काढू नये. सराव पेपर खऱ्या परीक्षेच्याच वेळेला लावावा, आणि संध्याकाळी फक्त ही वही. लागोपाठ दोनदा बरोबर सुटलेल्या नोंदीवर पेन्सिलीनं रेघ मारायची, म्हणजे आदल्या रात्री चाळायला मोजकीच पानं उरतात.