एकाच जिन्यावरच्या शाळा

[दृश्य : सकाळचे सात. महापालिका शाळेचं फाटक.]

मुंबईत महापालिकेची इमारत म्हणजे एकच शाळा, असं क्वचितच असतं. फाटकावर पाट्या दोन-तीन, कधी चार. खाली मराठी, वर हिंदी, त्याच्यावर उर्दू. प्रत्येकीचा मुख्याध्यापक वेगळा, हजेरीपट वेगळा. जिना मात्र एक. नळाला पाणी नाही, ही तक्रार ज्याच्या गळ्यात पडते तो इमारत प्रमुख.

मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, इंग्रजी. 8 माध्यमं एक महापालिका चालवते. गिरणीला, गोदीला, बांधकामाला जी माणसं आली, त्यांच्या मुलांच्या भाषा या पाट्यांवर चढल्या.

[दृश्य : मुख्याध्यापकांची केबिन, कपाटात रजिस्टरं.]

वर शिक्षणाधिकारी, मग उपशिक्षणाधिकारी, वॉर्डात प्रशासकीय अधिकारी, त्यांच्या हाताखाली विभाग निरीक्षक. पालकाला यातलं कुणी ठाऊक नसतं. त्याच्या लेखी शाळा म्हणजे वर्गाच्या बाई.

या उतरंडीची परीक्षा जूनमध्ये होत नाही, नोव्हेंबरमध्ये होते. नाक्यावर काम शोधणारा बाप 10 वर्षांच्या मुलीला घेऊन दारात उभा राहतो. शाळा सोडल्याचा दाखला गावी, जन्माचा कुठेच नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, 6 ते 14 वयाच्या मुलाला कागदासाठी अडवायचं नाही, वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं विशेष प्रशिक्षण देऊन भरून काढायचं. कायद्याचं हे वाक्य सुंदर आहे. पण मुलगी अजून अक्षरं लावत वाचते आणि फळ्यावर अपूर्णांक आहेत. मधलं अंतर त्याच बाईंनी कापायचं, बाकीचा वर्ग सांभाळून.

[दृश्य : दप्तरं, बूट, वह्यांचे गठ्ठे.]

वस्तूंचं गणित त्या मानानं सोपं. गणवेश, बूट, दप्तर, वह्या धरून 27 वस्तू महापालिका फुकट देते. फक्त पावसाळी सामान काही वर्षी पाऊस निम्मा पडून गेल्यावर हातात आलं.

मधल्या सुट्टीत खिचडी, कित्येक ठिकाणी बचत गटाच्या बायकांनी शिजवलेली. पाचवीपर्यंत रोज 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला 700 आणि 20, असा सरकारी हिशेब. वाढताना डाव मापाबरहुकूम पडतोच असं नाही. ज्याचा डोळा पातेल्यावर, त्याला थोडी जास्त.

[दृश्य : नवी रंगवलेली इमारत.]

2020 मध्ये जोगेश्वरीच्या पूनमनगरात महापालिकेनं सीबीएसईची शाळा काढली. पुढे मुंबई पब्लिक स्कूल हे नाव गाजू लागलं. खाजगी शाळेची फी न परवडणारा रिक्षावाला आता इथे रांगेत दिसतो, आणि त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याच्या थोरलीनं मराठीत सातवी गाठली, धाकट्याला इंग्रजी हवं. जागा मोजक्या, म्हणून सोडत निघते.

[दृश्य : खालचा मजला, मराठीचा वर्ग.]

इथे बाकावर एकेकटं बसायला जागा आहे.