शाळेचा केक, पोरांच्या हातचा

हा केक जरा जवळून बघा. पांढरं आयसिंग, त्यावर रंगीबेरंगी बारीक दाणे, आणि चौकोनी तुकडे, बस. मधे क्रीमचा थर वगैरे काही नाही. पण ब्रिटनमध्ये साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकात शाळेत गेलेल्या कुणाहीपुढे हा ठेवून बघा, माणूस आधी हसतो आणि मग लगेच विचारतो, सोबत कस्टर्ड आहे ना?

कुणी याला ओल्ड स्कूल केक म्हणतं, कुणी स्कूल केक, कुणी नुसतंच ट्रेबेक. ट्रेमध्ये भाजायचा, ट्रेमध्येच गार करायचा आणि चौकोन कापून वाढायचा. गोल केकसारखी कापताना मोठा-लहान तुकडा अशी भानगड नाही, शंभर पोरं रांगेत उभी असली तरी सगळ्यांना सारखाच.

आज आमच्या बर्मिंगहॅमच्या किचनमध्ये हा केक मुलं करणारेत. थोरली आठ वर्षांची, धाकटा सहाचा. ओव्हन आणि गरम ट्रे माझ्याकडे, बाकी सगळं त्यांच्याकडे, असं सकाळीच ठरलंय आणि मी मधे हात घालायचा नाही हेही ठरलंय, जे मला सगळ्यात अवघड जाणारे.

पहिलं काम वजनाचं, आणि इथली जुनी पद्धत मला फार आवडते. चार अंडी टरफलासकट काट्यावर ठेवायची, जेवढं भरेल तेवढंच बटर, तेवढीच साखर, तेवढाच मैदा. पुस्तक उघडायलाच नको. आज अंडी भरली २३६ ग्रॅम. धाकट्याने साखर ओतली ती २५१ झाली, मग त्याने चमच्याच्या टोकाने थोडी काढली तर २३३, परत चिमूटभर टाकली २३५, परत चिमूटभर, आणि २३६ दिसल्यावरच त्याने श्वास सोडला. पाच-दहा ग्रॅमने केकला काहीही फरक पडत नाही, पण ते मी त्याला मुद्दाम सांगितलं नाही.

बटर मऊ पाहिजे, बोट दाबलं की खड्डा पडेल इतकं. इकडच्या थंडीत ते आदल्या रात्रीच फ्रीजबाहेर काढून ठेवावं लागतं. मग बटर आणि साखर फेटायची, आणि खरा केक इथेच होतो असं माझं स्पष्ट मत आहे. साखरेचे दाणे बटरमध्ये घासले जातात तेव्हा हवेचे बारीक बुडबुडे आत अडकतात, आणि ओव्हनमध्ये तेच फुगतात. म्हणून मुलांना किती मिनिटं ते सांगायचं नाही, रंग बघायला सांगायचं, पिवळं बटर हळूहळू फिकट होत जवळजवळ पांढरं दिसायला लागतं. हात भरून येतात म्हणून आमच्याकडे पाळी लावलीये, प्रत्येकाने पन्नासपर्यंत मराठीत मोजायचं मग चमचा दुसऱ्याकडे. एकोणतीसला दोघंही अडकतात, एकोणचाळीसला तर हमखास, आणि तेवढ्यात बटर अजून चार वेळा फेटलं जातं.

अंडी एकेक करून घालायची, एकदम ओतली तर मिश्रण फाटतं. टरफलाचा तुकडा पडला तर बोटाने काढायला जाऊ नका, तो पळतो, अर्ध्या टरफलाच्याच कडेने उचला, पटकन येतो. मग दोन चमचे व्हॅनिला, आणि शेवटी मैदा चाळून. इथे सेल्फ रेझिंग मैदा मिळतो, म्हणजे बेकिंग पावडर आधीच मिसळलेला, ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स नावाच्या बेकरने १८४५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. मैदा पडला की मात्र फेटणं बंद, हलक्या हाताने खालून वर ढवळायचं, नाहीतर केक चिवट होतो. मिश्रण जड वाटलं तर दोन चमचे दूध.

२० बाय ३० सेंटिमीटरचा ट्रे, आत बेकिंग पेपर, आणि १८० डिग्रीवर साधारण २५ ते ३० मिनिटं, पंख्याचा ओव्हन असेल तर १६०. भांडं चाटायला मी देत नाही, कच्चा मैदा पोटाला बाधू शकतो, त्याऐवजी आयसिंगचं भांडं मिळणारे असं कबूल केलंय.

ओव्हनचं दार बंद आहे तोवर एक गोष्ट सांगते, कारण ती आमच्याच गावातली आहे. आल्फ्रेड बर्ड नावाचा एक केमिस्ट बर्मिंगहॅममध्ये राहायचा. त्याच्या बायकोला अंडी सोसायची नाहीत आणि यीस्टही. तिला कस्टर्ड खाता यावं म्हणून त्याने १८३७ मध्ये कॉर्नफ्लारचं, बिनअंड्याचं कस्टर्ड बनवलं, आणि ब्रेड खाता यावा म्हणून १८४३ मध्ये बेकिंग पावडर. म्हणजे बघा, स्कूल केक ज्याने फुगतो ते आणि ज्यात बुडवून खातात ते, दोन्ही एकाच नवऱ्याने एकाच बायकोसाठी केलेलं. इथल्याच डिगबेथ भागात त्या कस्टर्डची जुनी फॅक्टरी अजून उभी आहे, आता तिथे स्टुडिओ आणि दुकानं आहेत, नाव मात्र कस्टर्ड फॅक्टरीच. आणि आपल्याकडे ज्या घरात अंड्याला प्रवेश नाही त्या घरातही उन्हाळ्यात फ्रूट कस्टर्ड होतं ना, ते त्या बिनअंड्याच्या पावडरीमुळेच.

केक तयार झालाय. मधोमध सुरी खुपसली, कोरडी बाहेर आली. आता धीर धरायचाय, पूर्ण गार होईपर्यंत, आणि ते तासभर तरी जातंच. गेल्या वेळी आम्ही घाई केली होती, गरम केकवर आयसिंग ओतलं, ते वितळून कडेने खाली गेलं आणि थोरली रडली होती. आज तीच धाकट्याला केकला हात लावू देत नाहीये.

शेजारच्या आजी तेवढ्यात आल्या. त्यांनी बरीच वर्षं एका शाळेच्या किचनमध्ये काम केलंय, डिनर लेडी म्हणतात इथे. १९४४ च्या शिक्षण कायद्याने शाळेत मुलांना जेवण देणं स्थानिक कौन्सिलचं कर्तव्यच झालं होतं, १९८० मध्ये ते बंधन काढलं. आजींच्या काळात जेवण आणि मागून गरम पुडिंग, बटरऐवजी मार्जरिन, आणि कस्टर्ड कधी पिवळं, कधी गुलाबी. धाकट्याला शाळेत दुपारचं जेवण मोफत आहे, २०१४ पासून इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत पहिल्या तीन इयत्तांच्या सगळ्या मुलांना ते मिळतं, तर तो आजींना विचारतोय की तुम्ही माझ्या शाळेत का नाही.

आता आयसिंग. ३०० ग्रॅम पिठीसाखर, आणि पाणी फक्त तीन चमचे, मोठे, तेही एकेक करून. चमच्यावरून जाड धार सावकाश पडली पाहिजे आणि खाली पडल्यावर दोन क्षण तिची रेघ दिसली पाहिजे. मधोमध ओतलं की ते आपोआप कडेकडे सरकतं, थोरली चमच्याच्या पाठीने फक्त वाट दाखवतीये. दाणे लगेच टाकायचे, आयसिंग ओलं असताना, सुकल्यावर घरंगळून जातात. पण आयसिंग फार पातळ असेल तर दाण्यांचा रंग उतरतो, लाल-निळे ओघळ येतात. धाकट्याने अख्खी बाटली एकाच कोपऱ्यात रिकामी केली. राहू दे, तो कोपरा त्याचा.

सेट झाल्यावर पाच-पाच सेंटिमीटरचे चौकोन, म्हणजे सहा ओळी, चार रांगा, चोवीस तुकडे. मोजणी धाकट्याची, यावेळी एकोणीसवर न अडकता.

आजींना पहिला तुकडा, वर गरम कस्टर्ड. त्यांनी चमच्याने आयसिंगचा थर अलगद सोलून वाटीच्या कडेला लावून ठेवला आणि खालचा केक खायला लागल्या. धाकट्याने ते पाहिलं. त्याने स्वतःच्या तुकड्यावरचं आयसिंग सोललं, कडेला ठेवलं, आणि आजींकडे बघत बघत तो सगळा केक संपेपर्यंत त्याला शिवला नाही.