बोटाची कड

सकाळचे साडेसहा. गॅसवर चहा उकळतोय. आजींनी चष्मा लावला, रक्तातली साखर मोजायच्या मीटरमध्ये पट्टी सरकवली, बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. ‘उद्या बघू.’

साखरेच्या वहीत हे ‘उद्या बघू’ कुठेच लिहिलेलं नसतं. दिसते ती नुसती कोरी ओळ.

१९२२ साली टोरांटोत पहिल्यांदा मधुमेही माणसाला इन्सुलिन टोचलं गेलं. त्यानंतर कित्येक वर्षं काचेची सिरिंज उकळायची आणि सुईला दगडावर धार लावायची, असा रोजचा कारभार होता. १९८५ मध्ये इन्सुलिनचं पेन आलं. आता त्याची सुई ४ मिलिमीटरचीही मिळते. त्वचेची जाडी साधारण दोन-अडीच मिलिमीटर, त्यामुळे माणूस अंगाने भरलेला असो की किडकिडीत, एवढी सुई पुरते. तरी अनेक घरांत लांब सुई असते, आणि तीच आठवडाभर चालते. बोथट झाली की दुखते. बोल मात्र इन्सुलिनला!

बोटाचंही तसंच. टोकाच्या मधोमध नसांची दाटी, म्हणून टोचायचं कडेला. आधी हात धुवायचे. आमरसाच्या हाताने तपासलं तर मीटर भलताच आकडा दाखवतं आणि घरात विनाकारण चौकशी बसते.

दंडाच्या मागे चिकटवायचा सेन्सर आला, तेव्हा रोजची टोचणी बरीच कमी झाली. केसासारखी बारीक तार त्वचेखाली राहते, बहुतेक सेन्सर १०-१४ दिवस चालतात. पण ती रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजते, म्हणून आकडा काही मिनिटं मागे असतो. घाम फुटलाय आणि आकडा ठीक दिसतोय, तर बोट टोचून खात्री करायचीच.

आमच्या मते सेन्सरचा खरा उपयोग रात्री आहे. उतारवयात साखर उतरल्याच्या खुणा बोथट होतात. हातपाय थरथरत नाहीत, माणूस नुसता गोंधळतो, अंधारात उठून पडतो. सेन्सरचा गजर त्याआधी वाजतो. जोडून ठेवला असेल तर न्यू जर्सीतल्या मुलाच्या फोनवरही. मात्र दर पंधरवड्याला काही हजार रुपये पेन्शनीतून काढणं सोपं नाही. काही डॉक्टर अधूनमधून, एखाद्या पंधरवड्यापुरताच लावायला सांगतात.

पवईला आयआयटी मुंबईत सुईविना औषध देणारी शॉक सिरिंज तयार झाली आहे. तिच्या चाचण्या उंदरांवर झाल्यात. श्वासावाटे घ्यायच्या इन्सुलिनला डिसेंबर २०२४ मध्ये भारतात परवानगी मिळाली, पण दमेकऱ्यांना ते चालत नाही. आणि न टोचता साखर सांगणारी घड्याळं, अंगठ्या? अशा एकाही उपकरणाला मान्यता दिलेली नाही, असा इशारा एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. त्यांच्या आकड्यावर इन्सुलिन घेणं म्हणजे जिवाशी खेळ.

दुसऱ्या दिवशीचे साडेसहा. आजींनी कोमट पाण्याने हात धुतले, अनामिकेची कड पुढे केली. टिक.

‘झालं?’

मीटरवर १३२. चहात साखर नाही, त्याबद्दलची तक्रार मात्र चालू आहे.